अजगराला पाळीव म्हणता येईल काय?

ऑगस्ट 2013 मध्ये कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील कॅम्पबेल्टन गावी दोन सख्खे भाऊ झोपेतच मृत्युमुखी पडले. एक चार वर्षांचा, दुसरा सहा वर्षांचा. विदेशी प्राण्यांचे दुकान चालविणाऱ्या एका कुटुंबस्नेह्याच्या घरी, त्या दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, ती मुले मुक्कामाला होती. घरात बंदिस्त ठेवलेला सुमारे 14 फुटी आफ्रिकन रॉक पायथन रात्री हवा खेळती ठेवणाऱ्या नळीतून निसटला आणि छत खचून मुलांच्या खोलीत येऊन पडला. मालकावर निष्काळजीपणाचा खटला चालला. 2016 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. न्यायालयाचा निकाल काहीही असो, ‘अजगर घरात पाळणे कितपत सुरक्षित?’ हा प्रश्न त्या रात्रीने अत्यंत निष्ठुरपणे विचारला.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न जुना आहे, कारण तेथे ही हौसही जुनी आहे. अमेरिकेत लक्षावधी साप घरोघरी काचेच्या पेट्यांत नांदत आहेत. ते पाळणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, पाळलेल्या अजगराने माणूस मारल्याची घटना वर्षाकाठी सरासरी एकही घडत नाही. कुत्र्यांच्या हल्ल्यात मात्र दरवर्षी त्याच्या कित्येक पट माणसे मरतात. हा युक्तिवाद खोटा नाही. चार-पाच फुटांपलीकडे सहसा न वाढणारा, घाबरला की अंगाचा चेंडू करून बसणारा बॉल पायथन मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सापाविषयीच्या भयगंडाला येथे खतपाणी घालण्याचे कारण नाही.

परंतु सरासरीचा हिशेब मांडताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ‘विळखा घालणारे साप’ या एकाच नावाखाली चार फुटी बॉल पायथनही येतो आणि वीस फुटी जाळीदार अजगरही. दुकानातून घरी आणलेले बर्मी अजगराचे पिलू जेमतेम दीड-दोन फुटांचे, हातात सहज मावणारे असते. तेच तीन वर्षांत दहा-बारा फुटांचे होते आणि पुढेही वाढतच राहते. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन मोठ्या माणसाहून अधिक भरू शकते आणि आयुष्य वीस वर्षांचे असते. दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेले पिलू तो शिक्षणासाठी परगावी गेल्यावर कोण सांभाळणार? उत्तर बहुधा आई हेच असते!

अजगर मारतो कसा, हेही नीट समजून घ्यावयास हवे. भक्ष्य गुदमरून मरते, अशी समजूत दीर्घकाळ होती. अमेरिकी संशोधकांनी 2015 मध्ये उंदरांवर केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, विळखा बसताच काही क्षणांत रक्ताभिसरणच कोलमडते. हृदयाला आणि मेंदूला रक्त पोहोचेनासे होते. त्याआधी 2012 मध्ये असेही आढळले होते की, बोआ जातीचा साप भक्ष्याच्या हृदयाचे ठोके आपल्या अंगाने टिपतो आणि ते थांबेपर्यंत पकड सैल करीत नाही. या साऱ्यात राग नाही, द्वेष नाही. उंदीर किंवा सशाचा वास हाताला लागलेला असला की त्याच्या लेखी तो हात म्हणजे अन्न. म्हणूनच आठ-दहा फुटांच्या पुढील साप एकट्याने हाताळू नये, असे जाणते सर्पपालक स्वतःच सांगतात. विळखा सोडवायचा तर शेपटीकडून उलगडावा लागतो आणि ज्याच्या गळ्याभोवती तो पडला आहे त्याला ते साधत नाही.

या इशाऱ्यांना रक्ताची किंमत आहे. 2009 मध्ये फ्लोरिडात दोन वर्षांच्या मुलीला घरातल्याच साडेआठ फुटी बर्मी अजगराने रात्री पाळण्यात गाठले. त्या अजगराच्या पेटीला धड झाकण नव्हते, वर नुसती रजई बांधलेली होती. आणि त्याला जवळजवळ महिनाभर खाणे मिळाले नव्हते. मुलीची आई आणि तिचा साथीदार या दोघांना प्रत्येकी 12 वर्षांची शिक्षा झाली. हा निष्काळजीपणाचा कळस म्हणून सोडून द्यावा, तर 2017 मध्ये इंग्लंडात हॅम्पशायर येथे मरण पावलेला तरुण वर्षानुवर्षे साप पाळणारा, त्यांची निगुतीने काळजी घेणारा होता. आठ फुटी आफ्रिकन रॉक पायथनने त्याचा प्राण घेतला. त्या सापावर त्याचा जीव होता, असे चौकशीत समोर आले. सापाला त्याचे काय?

कुत्रा माणसासोबत हजारो वर्षे राहिला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून त्याचा स्वभाव घडला, म्हणून त्याला पाळीव म्हणावयाचे. अजगराच्या बाबतीत असे काहीही घडलेले नाही. तो माणसाच्या स्पर्शाला सरावतो, इतकेच. त्याच्यासोबतची सुरक्षितता ही कुलपाची, झाकणाची आणि रोजच्या दक्षतेची असते. ती वीस वर्षांत एकदाही चुकून चालत नाही. ज्या घरात रांगते मूल आहे, तेथे एवढा भरवसा कोणी कोणाच्या जोरावर द्यावा? लहान सापांच्या बाबतीतही साल्मोनेला जंतूंचा धोका उरतोच. पाच वर्षांखालील मुलांच्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असे अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा त्यासाठीच बजावते.

नको झालेल्या अजगरांचे पुढे काय होते, ते फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाहावे. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून निसटलेल्या व सोडून दिलेल्या बर्मी अजगरांनी त्या दलदलीत वंश वाढविला. अजगरांचा वावर जेथे सर्वांत जुना, तेथे रॅकून जवळपास 99 टक्क्यांनी घटल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. त्याच वर्षी अमेरिकेने बर्मी अजगरासह चार जातींच्या आयातीवर बंदी घातली, 2015 मध्ये आणखी चार जातींची भर पडली. घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी घालण्याचाच तो प्रकार झाला.

आपल्याकडे भारतीय अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणे वा बाळगणे हा किमान तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. कोकणातली वडीलधारी माणसे रात्री सापाचे नावही घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात; त्या संकोचात आदर होता, अंतरही होते. पण मांडुळाचे काय? विषहीन, गरीब, विळख्याने फार तर उंदीर मारणारा हा साप गुप्तधनाच्या खुळापायी महाराष्ट्रात लाखोंच्या बोलीवर विकला जातो आणि गिऱ्हाईक म्हणून कित्येकदा पोलीसच समोर येतात! येथे माणसाला सापापासून धोका नाही, सापालाच माणसापासून आहे.

आता नवी हौस शहरांत शिरू पाहत आहे. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटे व केकच्या पुड्यांत दडविलेले नऊ बॉल पायथन सापडले. बॉल पायथन बाळगणे हा आपल्याकडे सरसकट गुन्हा नाही. परंतु 2024 च्या नियमांनुसार अशा विदेशी जातींची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. विकत घेतलेला साप चोरट्या मार्गाने आलेला नाही, याची कागदोपत्री खातरजमा करणे हे घेणाऱ्याचेच काम आहे. ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनी पेटीला कुलूप घालावे, मुलांना त्याच्याबरोबर एकटे सोडू नये. आणि कंटाळा आला म्हणून त्याला जवळच्या टेकडीवर किंवा तळ्याकाठी सोडून न देता वनविभागाशी संपर्क साधावा.