गाडीतली सायकल आणि तिखट बोल

बालदोस्तांनो,

सायकल माणसाला वाहून नेते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण कधी कधी माणसालाच सायकल वाहून न्यावी लागते! समजा, मामानं तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी जुनी सायकल घेऊन दिली. आता ती घरी कशी आणायची? चालवत आणावी तर अंतर मोठं, त्यात रस्त्यावर ट्रक आणि टिप्पर. टेम्पो करावा तर त्याचं भाडं सायकलच्या किमतीच्या निम्मं. मग आठवते आपली रेल्वेगाडी. आणि सायकल घेऊन गाडीत चढलं की काय काय ऐकावं लागतं, ते ज्यानं ऐकलं त्यालाच माहीत.

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये आठवीतल्या एका मुलीचं पत्र आहे. ती आमच्याच भागातली. आमचं गोरेगाव म्हणजे मुंबईचं नव्हे हं! महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला, गोंदिया जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं गोरेगाव. गोंदियाहून वडसा, नागभीड करत चंद्रपूर-बल्लारशाकडे जाणारी रेल्वे आमच्या तालुक्यातून जाते. पूर्वी इथं छोटी लाईन होती. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. १९९० च्या दशकात तिची मोठी लाईन झाली, १६७६ मिलिमीटरची. रूळ रुंद झाले, डबे मोठे झाले. डब्यातली भांडणं मात्र होती तिथंच राहिली!

तर ही मुलगी लिहिते, "सर, माझी शाळा दुसऱ्या गावाला आहे. पायी जायला एक तास लागतो. बाबांनी गोंदियाहून जुनी सायकल घेतली. आम्ही ती गाडीच्या साध्या डब्यात चढवली आणि दाराजवळ उभी केली. एक काका ओरडले, 'ही गाडी माणसांची आहे, भंगाराची नाही. उतरवा खाली!' सगळे आमच्याकडे पाहून हसले. बाबा काहीच बोलले नाहीत. हिरडामाली येईपर्यंत दोन्ही हातांनी सायकल धरून मान खाली घालून उभे राहिले. मला त्या काकांचा राग आला. आणि खरं सांगू, बाबांचाही आला. लोक असे काहून बोलतात? आणि बाबा काहून बोलले नाहीत?"

पत्र वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. हा प्रश्न एकट्या तिचा नाही, म्हणून आज सगळ्यांशीच बोलतो.

कुणी आपल्यावर ओरडलं की आपल्या कानात दोन गोष्टी एकदम शिरतात. एक, त्याचं म्हणणं. दुसरी, त्याची बोलण्याची रीत. तांदळात खडे मिसळावेत तशा या दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात. शहाण्या माणसानं आधी त्या निवडून वेगळ्या करायच्या. चला, आपणही सूप हाती घेऊ.

आधी म्हणणं पाहू. "सायकल या डब्यात नको" हे त्या काकांचं म्हणणं बरोबर होतं का? मुलांनो, ते बरोबर होतं. रेल्वेच्या नियमाप्रमाणे सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं. पण स्कूटर, सायकल अशा वस्तूंना ही सवलत लागू नाही. आणखी एक नियम आहे. पेटी किंवा सुटकेस १०० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच यापेक्षा मोठी असली, तर ती माणसांच्या डब्यात न ठेवता सामानाच्या डब्यात द्यायची. आता टेप घेऊन तुमच्या घरची सायकल मोजा बरं. मोठी सायकल पावणेदोन मीटर किंवा थोडी जास्तच भरेल. ती दारात उभी केली म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्याची वाट अडलीच. एखाद्या आजीचं लुगडं चेनच्या ग्रीसनं काळं झालं, पेडल कुणाच्या नडगीला लागलं, तर ओरडणं स्वाभाविक आहे.

मग सायकल न्यायचीच नाही का? न्यायची की! पण तिच्या डब्यातून. आपल्याला जसं तिकीट, तशी तिला पावती. गोंदियासारख्या मोठ्या स्टेशनवर पार्सल ऑफिस असतं. गाडीच्या वेळेआधी निदान अर्धा तास तिथं पोचायचं. आपलं तिकीट दाखवून सायकल सामान म्हणून नोंदवायची, पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. सायकलला पुठ्ठ्याची चिठ्ठी घट्ट बांधायची. तिच्यावर आपलं नाव, पत्ता आणि कुठून कुठं जाणार ते ठळक लिहायचं. पंप, कुलपाची किल्ली, पिशवी असं सुटं सामान काढून जवळ ठेवायचं. चेनवर जुनं वर्तमानपत्र गुंडाळलं तर दुसऱ्याचं सामान खराब होत नाही. आणि पावती वहीत जपून ठेवायची, कारण उतरल्यावर ती दाखवूनच सायकल ताब्यात मिळते.

मात्र एक लक्षात ठेवा. प्रत्येक गाडीला सामानाचा डबा असतोच असं नाही. प्रत्येक लहान स्टेशनावर सामानाची चढ-उतरही होत नाही. म्हणून आदल्या दिवशीच स्टेशनवर जाऊन दोन प्रश्न विचारायचे. या गाडीत सायकल नोंदवता येईल का? आणि आमच्या स्टेशनावर ती उतरवून मिळेल का? आधी विचारलेला एक प्रश्न नंतरची दहा भांडणं वाचवतो.

आता सुपातले खडे पाहू, म्हणजे बोलण्याची रीत. "भंगार" म्हणणं, सगळ्यांसमोर हसं करणं हे बरोबर होतं का? मुळीच नाही! नियम आपल्या बाजूनं आहे म्हणून दुसऱ्याचा पाणउतारा करायची सूट मिळत नाही. वर्गात एखाद्याचं गणित चुकलं तर बाकीच्यांनी त्याला चिडवावं का? तसंच हे. जी सायकल त्या काकांना भंगार वाटली, ती एका मुलीचा रोजचा शाळेचा एक तास वाचवणार होती. त्यांना ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलं तरी सभ्यपणे बोलता येतंच की.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. रेल्वेचा १९८९ चा कायदा आहे. रेल्वेच्या डब्यात शिवीगाळ करणं, अचकट-विचकट बोलणं हा त्याच्या १४५ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. १५५ वं कलम तर फारच कामाचं आहे. जो डबा एखाद्यासाठी राखून ठेवलेला नाही, त्यात हक्कानं चढणाऱ्या प्रवाशाला दुसऱ्या प्रवाशानं अडवायचं नाही, असं ते सांगतं. म्हणजे बघा, "सायकल सामानाच्या डब्यात न्या" असं कुणी म्हणू शकतो. पण तुमच्याकडे तिकीट असताना साध्या डब्यात "तुम्हीच चढू नका" असं कुणीही म्हणू शकत नाही. सायकल वेगळी आणि तुम्ही वेगळे!

मग प्रत्यक्षात वागायचं कसं? तीन प्रसंग घेऊ.

पहिला प्रसंग. चूक आपली आहे. सायकल वाटेत आहे आणि कुणीतरी ओरडलं. अशा वेळी त्याचे कडू शब्द सोडून द्यायचे आणि म्हणणं तेवढं उचलायचं. "हो जी काकाजी, वाट अडली खरी. बाजूला घेतो, जरासा पाय सांभाळा." एवढं म्हणून लगेच सायकल हलवायची. शब्दापेक्षा हात आधी हलला की निम्मा राग तिथंच विरतो. जागा खरंच नसेल तर पुढच्या गाडीची वाट पाहायची.

दुसरा प्रसंग. चूक आपली नाही. सायकलची पावती खिशात आहे, तुम्ही ती फलाटावरून सामानाच्या डब्याकडे हातानं ढकलत नेत आहात आणि कुणी खेकसलं, "सायकल फिरवायला हीच जागा भेटली का?" इथं गप्प बसायचं कारण नाही. पण आवाज चढवायचंही कारण नाही. "पावती आहे भाऊ, सामानाच्या डब्यात चढवायची आहे. जरा वाट द्या ना." हे एकदाच, स्पष्ट आणि डोळ्यांत पाहून सांगायचं. दुसऱ्यांदा तेच सांगायला गेलं की वाद सुरू होतो. तुम्ही मात्र फलाटावर सायकलवर बसायचं नाही, घंटी वाजवत पळायचं नाही. नाहीतर पावती असूनही चूक तुमचीच!

तिसरा प्रसंग. समोरचा शिव्या देतो, ढकलतो किंवा भांडणाचं निमित्त करून अंगाला हात लावतो. इथं सहन करायचं नाही. मुलींनो, तुम्हाला हे मुद्दाम सांगतो. मोठ्यानं बोलायचं, शेजारच्या मावशीला किंवा काकांना हाक मारायची. गाडीतल्या तिकीट तपासनिसाला नाहीतर रेल्वे पोलिसांना सांगायचं. १३९ हा रेल्वेचा मदतीचा फोन नंबर आहे. तो आजच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. कुणाजवळचा तरी मोबाईल मागून लावता येतो.

आता आपल्या मैत्रिणीचा दुसरा प्रश्न. बाबा काहून बोलले नाहीत?

बेटा, मी काही तिथं नव्हतो. पण तूच लिहिलं आहेस की बाबांचे दोन्ही हात सायकलीला होते. गाडी हलते, वळण येतं, ब्रेक लागतो. सायकल पडली असती तर कुणाला तरी लागलं असतं, कदाचित तुलाच. भांडायला हात मोकळे हवेत आणि बाबांचे हात तर कामात होते. सायकल आपल्या हातून चुकीच्या डब्यात चढली, हेही त्यांना कळलं असेल. आणि त्या डब्यात त्यांची मुलगी सोबत होती. भांडण वाढलं असतं तर त्याची झळ आधी तुलाच लागली असती. गप्प राहणारा माणूस प्रत्येक वेळी भित्रा नसतो. कधी कधी तो मनातल्या मनात मोजत असतो की, आत्ता जिंकायचं आहे की मुलीला सायकलसकट सुखरूप घरी न्यायचं आहे. तरी बाबांना एकदा विचारून पाहा. "त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं जी?" असं विचार. माझ्यापेक्षा खरं उत्तर त्यांच्याकडेच मिळेल.

आता थोडं लांब जाऊ. सायकल आणि गर्दी यांचं हे भांडण फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. नेदरलँड्स हा सायकलींचा देश. पण तिथंही कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी आगगाडीत साधी सायकल नेता येत नाही. घडी घालता येणारी सायकल असेल तर चालते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहराच्या लोकल गाड्यांत २०१० पासून सायकल फुकट नेता येते. त्यासाठी डब्यांत मोकळी जागा ठेवली आहे. आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. नागपूर आणि पुण्याच्या मेट्रोत सायकल नेता येते. मुंबईच्या २अ आणि ७ या मेट्रो मार्गांवरही नेता येते. आणि गंमत अशी, की हे दोन्ही मार्ग त्या दुसऱ्या गोरेगावातून जातात! म्हणजे आमच्या नावाच्या गावातली मुलं सायकल घेऊन मेट्रोत चढतात आणि आम्ही अजून पार्सल ऑफिसाची खिडकी शोधतो आहोत.

यातून काय दिसतं? भांडण दोन माणसांचं दिसतं, पण ते बऱ्याचदा जागेचं असतं. जिथं सायकलला जागा ठरवून दिली, वेळ ठरवून दिली, तिथं कुणाला कुणावर ओरडायची फारशी गरज उरत नाही. ते ओरडणारे काका कदाचित तासभर एका पायावर उभे असतील. तुझे बाबाही उभेच होते. दोघांनाही जागा नव्हती. म्हणून माणसाशी भांडण्यापेक्षा जागा मागायला शिकलं पाहिजे.

आणि एक गोष्ट विसरू नका. आज तुम्ही सायकल धरून उभे असाल. उद्या तुम्हाला खिडकीजवळची जागा मिळालेली असेल आणि कुणीतरी भाजीची टोपली, दुधाची कॅन नाहीतर धानाचं पोतं घेऊन दारात उभं राहील. तेव्हा तुमच्या तोंडून काय निघतं, त्यावर तुमची परीक्षा! "मावशी, टोपली इकडं बाकाखाली सरकवा, वाट मोकळी होईल" असंही म्हणता येतं. म्हणणं तेच, फक्त खडे काढलेले.

चला, आता या आठवड्याचा गृहपाठ.

१) घरातली किंवा शेजारची सायकल मोजा. लांबी, उंची आणि हँडलची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. वर सांगितलेल्या १०० × ६० × २५ या मापाशी ताडून पाहा.

२) जवळच्या स्टेशनवर मोठ्या माणसासोबत जा. तिथं सायकल नोंदवता येते का आणि कोणत्या गाडीला, ते नम्रपणे विचारा. नोंदवता येत नसेल तर पाच-सहा मित्र मिळून स्टेशन मास्तरांच्या नावे अर्ज लिहा. अर्जाचा नमुना मराठीच्या पुस्तकात आहेच.

३) मागच्या महिन्याभरात तुम्हाला कुणीतरी रागावून बोललेलं एक वाक्य आठवा. वहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे त्यातलं म्हणणं लिहा, उजवीकडे खडे लिहा. मग तेच म्हणणं खडे काढून पुन्हा लिहा.

तिसरा प्रश्न सोपा वाटेल, पण तोच सगळ्यांत अवघड आहे. उत्तरं पोस्टकार्डावर पाठवलीत तरी चालेल. निवडक उत्तरं याच पानावर छापू.

तुमचा,
सर