बुडीत खर्चाचा हिशेब

गोव्यातील मिरामार किनाऱ्यावर 2019 मध्ये 'आयर्नमॅन 70.3' ही शर्यत सुरू झाली: 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर पोहण्यात वाढलेला आमचा एक माजी विद्यार्थी तेथे सायकलीच्या टप्प्यातच मुदतीबाहेर पडला. परतल्यावर त्याने कर्जाने घेतलेली सायकल विकायला काढली. "सर, वर्ष आणि पैसे, दोन्ही पाण्यात गेले," तो म्हणाला.

झालेला बुडीत खर्च पुढील निर्णयात धरू नये, असे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु वर्षभराचा सराव हा बुडीत खर्च नव्हेच. ते शरीरात साठलेले भांडवल आहे. वापर थांबला की त्यालाही घसारा लागतो. लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांना अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत 2016 मध्ये अर्धवट सोडावी लागली. 2017 मध्ये तीच त्यांनी बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली.

आमच्या विद्यार्थ्याची चूक निराळी होती. जे सहज जमते त्याचाच सराव त्याने अधिक केला. पोहण्यात आणखी दोन मिनिटे वाचवून काय साधणार? तेच श्रम कसालच्या रस्त्यावर सायकलीसाठी खर्चले असते तर सीमांत लाभ कितीतरी मोठा होता. (हा सिद्धान्त त्याने माझ्याच वर्गात पाठ केला होता!) सायकलीला गिऱ्हाईक निम्म्या किमतीचे आले आहे. कर्जाचे हप्ते मात्र ती विकली तरी भरावेच लागणार.