पाट्या रंगवू नका, पोरं मोजा

तुडील, खाडीपट्टा, ता. महाड

साथींनो,

तपासणीचं पथक येणार असा निरोप आला की शाळेत काय काय होतं, ते आपण सगळेच जाणतो. भिंतीला चुना लागतो. तक्रारपेटीवरची धूळ झटकली जाते आणि तिच्या कुलपाची किल्ली शोधत दोघं जण फिरतात. सखी सावित्री समितीच्या फलकावर नावं लिहिली जातात. ज्या बाईचं नाव लिहिलं तिला त्याचा पत्ताही नसतो. वाडीवर सांगावा येतो, “उद्या पोरांना आंघोळ घालून पाठवा.” साहेब येतात, पेटी बघतात, फलक बघतात, वहीत सही करतात आणि चहा घेऊन जातात. याला म्हणे बालसंरक्षणाची तयारी!

आमचा तपासणीला विरोध नाही. उलट आम्ही म्हणतो, तपासणी झालीच पाहिजे, वरचेवर झाली पाहिजे, आणि शिक्षण, पोलीस, आरोग्य, महिला व बालविकास, कामगार या सगळ्या खात्यांनी मिळून केली पाहिजे. पण ती मुलाची हवी. पेटीची तपासणी करून मूल सुरक्षित होत नाही.

सरकार कधी जागं झालं?

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी, 21 ऑगस्टला, शासन निर्णय निघाला: शाळेत कॅमेरे लावा, तक्रारपेटी ठेवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, समित्या नेमा. पण यातल्या बऱ्याच गोष्टी आधीपासून कागदावर होत्या. तक्रारपेटीचा निर्णय 2017 चा, सखी सावित्री समितीचा 2022 चा. म्हणजे नियम होते, पेटी होती, नव्हतं ते कुणाचं लक्ष. लोक रुळावर बसले तेव्हा लक्ष गेलं.

आणखी दोन गोष्टी आठवा. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कळंबोलीला, गतिमंद मुलींच्या वसतिगृहात जे चाललं होतं ते 2011 साली बाहेर आलं. तेही उच्च न्यायालयाने नेमलेली समिती राज्यातली अशी वसतिगृहं बघत फिरली म्हणून. पुढे 2013 साली न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवलं. दुसरी गोष्ट 2016 ची, बुलढाणा जिल्ह्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेची. तिथे शिकणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार होत होते. दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या, घरच्या माणसांजवळ बोलल्या, तेव्हा गोष्ट फुटली.

यातून एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बदलापूरला काय, पाळ्याला काय, लेकरू बोललं ते घरी. आपल्या माणसाजवळ, आपल्या बोलीत बोललं. कुठल्या पेटीत चिठ्ठी टाकून बोललं नाही. चार वर्षांच्या पोरीला चिठ्ठी लिहिता येते का? पहिलीतल्या कातकरी पोराला साहेबाच्या पुस्तकी भाषेत तक्रार सांगता येते का? मुलाचं पहिलं रक्षण कोण करतं, तर जवळचं माणूस, ज्याच्याजवळ ते न भिता बोलू शकतं. मग ज्या मुलाचं घरच सहा महिने पाल ठोकून दुसऱ्याच्या भट्टीवर असतं, त्याने बोलावं कुणाशी?

हजेरीपटावर हजर, भट्टीवर गैरहजर

दिवाळी झाली की आपल्या वाड्या रिकाम्या होतात. कुणी कोळसा भट्टीला, कुणी वीटभट्टीला. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. ती फेडायला आई-बाप जातात, बरोबर पोरं जातात. धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण जाते. ती नऊ-दहा वर्षांची असते आणि शाळेच्या पटावर तिचं नाव चौथीत असतं. महाड-पोलादपूरच्या वाडीवरचं हे पोर डिसेंबरात कुठे आहे, हे गुरुजींच्या वहीत नाही, अंगणवाडीच्या वहीत नाही, पोलीस पाटलाच्या वहीत नाही. फक्त मुकादमाच्या वहीत आहे.

2022 च्या सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली दहा वर्षांची मुलगी मेली. तिला मेंढपाळाकडे कामाला ठेवलं होतं. चौकशी सुरू झाली तेव्हा कळलं की अशी आणखी पोरं हजार-पाचशे रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्यांमागे गेली आहेत. वेठबिगारी कायद्याने 1976 साली बंद झाली. मग ही पोरं कुठल्या शाळेच्या पटावर होती? त्यांच्या नावापुढे महिनोन्‌महिने काय खूण होत होती? हे कुठल्या पथकाने विचारलं?

कायदा साफ आहे. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावायची सूट आहे, पण भट्टी काही कातकऱ्याच्या घरचा धंदा नव्हे, ती मालकाची आहे. असं कामाला लावलेलं मूल बाल न्याय कायद्याप्रमाणे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल’ ठरतं. शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाला प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, मागे राहणाऱ्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. एवढं सगळं आहे, आणि वाडीवर विचारा: कार्ड कुणी बघितलंय?

वर आम्हालाच ऐकवतात, “तुम्हा लोकांना शिक्षणाची किंमत नाही, तुम्हीच पोरं घेऊन जाता.” साहेब, आईने पोर कुणाच्या भरवशावर मागे ठेवावं? वसतिगृह सुरू नाही, म्हातारी आजारी आहे, आणि कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची टूम 2023 सालापासून निघालीच आहे. वाडीची शाळा गेली तर सहा वर्षांच्या पोरीने रानातून चालत दूरच्या शाळेत जायचं. तेव्हा तिच्या संरक्षणाचा फलक कुठे लावणार? वाटेतल्या झाडाला?

मुळाशी जमीन आहे

कुणी म्हणेल, जमिनीच्या लढ्याच्या पत्रकात हे शाळेचं कशाला? कारण मुळाशी जमीनच आहे. ज्याच्या दळीवर नाचणी-वरी पिकते आणि ज्याचा दावा मंजूर होऊन पट्टा हातात आलाय, त्याला उचल घ्यायची पाळी कमी येते. ज्याचा दावा वर्षानुवर्षं पडून आहे, ज्याला वनखात्याची माणसं नांगर धरू देत नाहीत, तो दिवाळीनंतर बाहेर पडणारच. दावा फेटाळला की एक शेत जातं, आणि त्याबरोबर त्या घरातल्या पोरांची शाळाही जाते.

अंगणवाडीचंही तेच. आपल्या कितीतरी वाड्या खासगी मालकाच्या नाहीतर वनाच्या जागेवर आहेत. अंगणवाडी मागितली की उत्तर ठरलेलं, “जागा नाही, वनखात्याची हरकत आहे.” हे ऐकून गप्प बसू नका. वनहक्क कायदा 2006, कलम 3, पोटकलम 2 काढून दाखवा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचं पाणी, रस्ता अशा 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. एका सोयीला 1 हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि शिफारस ग्रामसभेची. कंपनीला शेकडो एकर द्यायला जागा असते, आणि आमच्या पोरांच्या अंगणवाडीला चार गुंठे नसतात, हे आता चालणार नाही.

महाडने शिकवलेला धडा

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली केला होता. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळ्यासाठी तसाच ठराव केला. कागद तयार होता. तरी पाण्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर माणसं तळ्यावर चालत गेली, ओंजळ भरली, तेव्हा त्या कागदात जीव आला. आणि त्यासाठी त्यांनी डोक्यावर लाठ्याही घेतल्या. आपण त्याच तालुक्यातली माणसं आहोत. पेटीचा कागद आहे, समितीचा कागद आहे. त्यात जीव आपल्यालाच घालावा लागेल.

तयारी आपण करायची, ती अशी

1. पथक येण्याआधी वाडीची सभा घ्या. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा नाही, पण वाडीला एकत्र बसून ठराव करायला कुणी अडवलेलं नाही. 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची यादी करा: नाव, वय, शाळा, आता कुठे आहे, कुणाबरोबर गेलंय, मुकादम कोण. यादी वाडीजवळच ठेवा, पाटीवर लावू नका. पथकाला तिची एक प्रत द्या आणि पोच घ्या.

2. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असा कायदा आहे. आपल्या वाडीची बाई त्यात आहे का? असेल तर तिला बैठकीचा निरोप मिळतो का, की अंगठ्यापुरतीच आठवण होते?

3. गावाच्या बाल संरक्षण समितीत सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, मुख्याध्यापक असतात. शेवटची बैठक कधी झाली, ते इतिवृत्त मागा.

4. मुलांना राहायला ठेवणाऱ्या संस्थांची 3 महिन्यांतून एकदा तरी तपासणी, पथकात किमान 3 जण, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर, असं बाल न्याय कायद्याचं कलम 54 सांगतं. आश्रमशाळेच्या वसतिगृहालाही हीच पट्टी लावा. पोरांशी बोलताना गुरुजी आणि अधीक्षक बाहेर, आपली बोली जाणणारी बाई आत.

5. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर 1098 ला नाहीतर पोलिसांना कळवा. पॉक्सो कायद्याने हे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाचा जबाब घरी किंवा ते सांगेल तिथे, होता होईल तो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा आहे. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचं नाव, वाडी, फोटो कुठेही फिरवू नका.

आणि एक बोल आपल्या घरातला. गुन्हेगार गुरुजी असला की आपण मोर्चा काढतो. तो आपलाच भावबंद असला की रात्री बसून दंड घेतो, दारू पितो आणि मिटवतो. पंधराव्या वर्षी पोरीचं लग्न लावून देतो. यापुढे हे संघटनेत चालणार नाही. पोरीचा न्याय बाटलीत बुडवणाऱ्याने आपल्या मोर्चात झेंडा धरू नये.

आमची मागणी

संयुक्त तपासणी शाळेच्या दारात थांबू नये. दिवाळीनंतर तेच पथक, त्यातल्या कामगार अधिकाऱ्यासह, भट्टीवर न्यावं आणि वाडीची यादी घेऊन पोरं मोजावीत. “ती आमची हद्द नाही” हे उत्तर कुठल्याही खात्याने देऊ नये, कारण पोर हद्द बघून भुकेलं होत नाही. मूल सापडलं की त्याला आई-बापापासून तोडून कुठल्या गृहात टाकू नका, त्याच्या बापाची उचल रद्द करून सगळं कुटुंब घरी आणा. पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाने आपल्या तालुक्यांतली हंगामी वसतिगृहं वाडी रिकामी व्हायच्या आधी सुरू करून घ्यावीत. आणि पडून असलेले वनहक्काचे दावे निकाली काढा. तोच पोरांच्या संरक्षणाचा सगळ्यात मोठा शासन निर्णय ठरेल.

पुढची तपासणी येईल तेव्हा चुना शाळेने लावावा. यादी आपण काढू.

पोरं आमची, जमीन आमची! वाडी तिथे सभा, सभेच्या हातात यादी! जिंदाबाद!