सूची ताजी नसेल तर

ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि तो वाचकाला सापडणे या दोन निराळ्या गोष्टी होत. नवा ग्रंथ फडताळात आला, परंतु त्याचे कार्ड तालिकेच्या खणात पोहोचले नाही, तर वाचकापुरता तो आलाच नाही. १९४७ पासून काही वर्षे दिल्ली विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकविणारे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. त्यांतील पाचव्याचा आशय असा, की ग्रंथालय हे सजीवाप्रमाणे वाढतच असते. जे वाढते त्याची सूचीही वाढती हवी, हे त्यातून ओघानेच निघते.

दिल्ली, नोएडा व गुरुग्राम येथील कचेऱ्यांतील दप्तरांची जागा आता बव्हंशी संगणकाने घेतली आहे. संगणकावर एखादा शब्द देताच हव्या त्या फाइली क्षणार्धात समोर येतात. याचा अर्थ यंत्राने त्या क्षणी सर्व फाइली वाचल्या असा नव्हे. त्याने त्या आधीच वाचून, कोणता शब्द कोणत्या फाइलींत आहे याची सूची करून ठेवलेली असते आणि उत्तर त्या सूचीतून येते. म्हणजेच उत्तर आजच्या भांडाराविषयी नसून सूची तयार झाली त्या वेळच्या भांडाराविषयी असते.

सूची शिळी झाली की दोन प्रकारचे दोष उत्पन्न होतात. पुसून टाकलेली फाइल यादीत दिसत राहते, हा पहिला. तो फारसा घातक नाही. फाइल उघडू जाताच तो उघडकीस येतो. दुसरा दोष मात्र मुका आहे. नवी फाइल यादीत येतच नाही आणि जे दिसले नाही त्याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. शिवाय विंडोज प्रणालीच्या मूळ मांडणीत काही ठराविक फोल्डरांचीच सूची होते; इतरत्र ठेवलेला मजकूर, सूची कितीही ताजी असली, तरी तीत नसतो.

सूची ताजी करण्याचे मार्ग तीन. संपूर्ण सूची मोडून नव्याने बांधणे हा पहिला. तो खात्रीचा, परंतु त्यात तासन्‌तास जाऊ शकतात. ठराविक वेळी फेरतपासणी करणे हा दुसरा. युनिक्स घराण्यातील प्रणालींत फाइलींच्या नावांची सूची पुष्कळदा दिवसातून एकदाच नवी केली जाते. मधल्या काळातील फाइल तिला अज्ञात राहते. तिसऱ्या मार्गात प्रणाली प्रत्येक बदलाची नोंद रोजकीर्दीप्रमाणे ठेवते आणि शोधयंत्र तेवढ्याच नोंदी वाचून सूची दुरुस्त करते.

हा तिसरा मार्ग नित्याच्या कामास सर्वोत्तम होय. पण तेवढ्यावर विसंबणे इष्ट नाही. रोजकीर्दीतही नोंद निसटू शकते. म्हणून ग्रंथालये जशी अधूनमधून ग्रंथांची प्रत्यक्ष मोजदाद करतात, तशी संगणकाच्या सूचीचीही समूळ फेररचना अधूनमधून व्हावी. वारंवार फेररचना केल्याने यंत्राचा वेळ व वीज खर्च होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो फेररचना सुटीच्या दिवशी करण्यास सांगतो, मुळीच न करण्यास नव्हे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. संसदेने २००५ साली संमत केलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक प्राधिकरणांना आपले अभिलेख रीतसर सूचीबद्ध ठेवण्यास सांगते. नागरिकाने मागितलेला कागद संगणकात असूनही सूचीत नसेल आणि कारकुनाने प्रामाणिकपणे 'आढळ होत नाही' असे लिहून दिले, तर कोणीही खोटे न बोलता नागरिकाचा हक्क बुडतो.

यास्तव प्रत्येक शोधयंत्राने उत्तराबरोबरच सूची कोणत्या दिवशी, किती वाजता ताजी झाली आणि कोणते फोल्डर तीत समाविष्ट आहेत, हे ठळकपणे दाखवावे. शाळांतून संगणक शिकविताना मुलांना शोधणे शिकवितात. त्याबरोबर हा दिनांक पाहण्याची सवयही लावावी. 'सापडले नाही' आणि 'नाही' यांतील अंतर ज्याला कळले, तो यंत्राचे उत्तर तपासून घेईल.