थेंबे थेंबे वास साचे!

हल्ली कुणाच्याही नव्या फ्लॅटमध्ये जा, टीव्हीच्या बाजूला एक पांढरा लोटा शांतपणे धूर सोडत बसलेला दिसतो. धूर नाही म्हणा, वाफही नाही. लोट्याच्या तळाशी एक चकती असते, ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचं बारीक धुकं करून वर सोडते. त्या धुक्यासोबत आपण टाकलेलं तेल घरभर फिरतं. हाच तो डिफ्युझर. गिफ्ट म्हणून तो इतक्या जणांना मिळालाय की दिवाळीच्या सोनपापडीने आता काळजी करावी!

खरी गडबड होते सोबत येणाऱ्या सहा बाटल्यांमुळे. सहाही उघडायच्या, थोडं हे, थोडं ते ओतायचं आणि त्याला ‘ब्लेण्ड’ म्हणायचं. भेळसुद्धा अशी करत नाहीत, बॉस!

नवशिक्यांनी तीनच तेलं घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. माझी तीन म्हणजे संत्रं, रोशा आणि वाळा. टिपकागदाच्या तीन पट्ट्या कापा, पेन्सिलने नावं लिहा, प्रत्येकीवर एकच थेंब टाका. मग तिन्ही पट्ट्या पंख्यासारख्या धरून नाकापासून वीतभर लांब हलवा. एखादी पट्टी पुढे-मागे करून बघा, मिश्रण कसं लागेल याचा अंदाज तिथेच येतो, तेलही वाया जात नाही. पट्ट्या टाकून देऊ नका. तासाभराने पुन्हा हुंगा, दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा. संत्रं पहिल्यांदा उडून गेलेलं असेल, रोशा रेंगाळत असेल आणि वाळा तर ठाण मांडून बसलेला असेल. टॉप नोट, मिडल नोट, बेस नोट हा जो काही फंडा परफ्यूमवाले सांगतात, तो एवढाच. जे लवकर उडतं ते जास्त घ्यायचं, जे टिकतं ते अगदी कमी.

रोशाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो आपला आहे. बाटलीवर त्याचं नाव ‘पामारोझा’ असतं. हे गवत खानदेशात रानोमाळ उगवायचं, तिथेच भट्ट्या लावून त्याचं तेल काढायचे. मुंबई बंदरातून ते तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि तिथे महागड्या गुलाबाच्या तेलात बिनदिक्कत भेसळ म्हणून मिसळलं जायचं! वास तितका जवळचा आहे. खऱ्या गुलाबतेलाच्या एका किलोला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. त्यामुळे दोनशे रुपयांत ‘प्युअर रोझ ऑइल’ मिळालं, तर त्यात काय असेल याचा विचार तुम्हीच करा. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का, ते बघा. नुसतं ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलं असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे. आणि देवघरातलं अत्तर डिफ्युझरमध्ये प्लीज नको, त्याच्या जाड बेसने मशीन चोंदतं.

आता प्रमाण. १०० मिली पाण्याला ३ ते ५ थेंब. बस्स! ऐकून सगळे हिरमुसतात. पण आपलं नाक भारी लबाड आहे. दहा-पंधरा मिनिटांत ते त्या वासाकडे दुर्लक्ष करायला लागतं. आपल्याला वाटतं वास संपला, म्हणून आणखी पाच थेंब! पाहुण्याला मात्र लिफ्टमधून बाहेर पडतानाच कळतं. अर्धा तास लावा, बंद करा, खिडकी थोडी उघडी असू द्या.

‘नॅचरल आहे, त्याने काय होतंय?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! धोतराही नॅचरलच आहे की. वन-बीएचकेमध्ये आपण जे हवेत सोडतो, ते सगळेच श्वासात घेतात, त्यांची इच्छा असो वा नसो. माझ्या फ्लॅटमेटला दमा आहे. नवी बाटली आली की तिची पट्टी आधी तिच्यासमोर येते, तीही दुरून. तिने मान हलवली तर बाटली कपाटात, चर्चा नाही. घरात तान्हं बाळ असेल तर निलगिरी, कापूर, पुदिना यांपासून लांबच राहा. आजी रुमालावर टाकून द्यायची हे खरं, पण ही तेलं लहान मुलांच्या श्वासाला त्रास देऊ शकतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मांजर असेल तर आणखी जपून. तिच्या यकृताला या तेलांतली बरीच द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. टी ट्री तर अजिबात नको. खोलीचं दार उघडं ठेवा, म्हणजे तिला नको असेल तेव्हा निघून जाता येईल.

आमच्याकडे पास झालेलं ब्लेण्ड सांगते. काळपट काचेच्या छोट्या बाटलीत संत्र्याचे १२ थेंब, रोशाचे ६ आणि वाळ्याचे फक्त २. एकूण २०, म्हणजे साधारण १ मिली. बूच लावून दोन दिवस कपाटात ठेवा, वास एकमेकांत छान मुरतात. रोज संध्याकाळी पाच थेंब धरले, तर चार संध्याकाळी निघतात. एकदम जास्त करून ठेवू नका, संत्र्याचं तेल हवा लागून लवकर उतरतं. पावसाळ्यात, घरभर दोऱ्यांवर कपडे वाळत असताना हे खास जमतं.

लव्हेंडर मात्र आमच्याकडे नापास झालंय. फ्लॅटमेटच्या मते त्याला तिच्या ऑफिसच्या वॉशरूमचा वास येतो.