मुक्रर तारखेचे हक्कदार : टीम चेरीस खुले पत्र

अ‍ॅडलेड येथील टीम चेरी या संस्थेचे श्री. एरी गिब्सन आणि श्री. विल्यम पेलन यांस,



१४ फेब्रुवारी २०१९ रोजी आपण ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ या व्हिडिओ गेमची, म्हणजे संगणकीय खेळाची, घोषणा केलीत आणि ४ सप्टेंबर २०२५ रोजी तो विक्रीस ठेवलात. मधल्या साडेसहा वर्षांत जगभरच्या चाहत्यांनी आपल्यामागे तारखेचा जो अखंड तगादा लावला, त्यापुढे न वाकता आपण जे मौन पाळले, त्या मौनाचा कैवार घ्यावा या इराद्यानेच मी हे पत्र लिहावयास घेतले. परंतु विचार करू लागताच ध्यानात आले की, आपल्या वर्तनात दोन भिन्न गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत : तारीख ठाऊक नसताना ती न सांगणे ही एक, आणि ती ठाऊक झाल्यावरही अखेरच्या पंधरवड्यापर्यंत राखून ठेवणे ही दुसरी. पहिलीचा मी संपूर्ण समर्थक आहे. दुसरीविषयी माझी तक्रार आहे, आणि ती खेळाडू म्हणून नव्हे.

हॉर्नेट या पात्राला घेऊन खेळता यावे, एवढेच मूळ वचन आपण २०१४ च्या किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या मोहिमेत आश्रयदात्यांना दिले होते. पस्तीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अपेक्षेने आरंभिलेल्या त्या मोहिमेत सत्तावन्न हजारांच्या आसपास रक्कम जमली, २४ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘हॉलो नाइट’ प्रसिद्ध झाला, आणि त्याला जोडावयाचे हॉर्नेटचे ते प्रकरण वाढत वाढत ‘सिल्कसाँग’ या स्वतंत्र ग्रंथाएवढे झाले. ज्या कृतीचा विस्तार कर्त्यालाच पुरता उमगलेला नाही, तिच्या समाप्तीचा दिवस त्याने मुक्रर करावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. काम कोठेही अडले नव्हते, ते करण्यात आनंद वाटत होता आणि ते वाढत गेले, असे आपण ऑगस्ट २०२५ मधील मुलाखतीत सांगितलेत, ते मला सर्वस्वी पटते. या अवधीत मुदतीसारखे जे काही प्रथम उच्चारले गेले, ते जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्यासपीठावरून : येथे दाखविलेले खेळ बारा महिन्यांत येतील. पुढे मे २०२३ मध्ये आपल्या वतीने ती मुदत तहकूब करावी लागली. त्यानंतर बराच काळ आपण नवी मुदत दिली नाहीत, हे योग्यच झाले.

अकाली दिलेल्या तारखेचे काय होते, हे गिल्डफर्डच्या हेलो गेम्सने सोसले आहे. त्यांचा ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ जून २०१६ मध्ये यावयाचा होता. तो ऑगस्टवर गेला तेव्हा संस्थेचे प्रमुख शॉन मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि त्या दिरंगाईची बातमी आधी देणाऱ्या पत्रकारालाही आल्या. एवढे होऊनही खेळ आला तेव्हा बोलण्यात आलेल्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्याच, आणि त्या एकेक करून भरून काढण्यात त्या लहानशा मंडळीची पुढली अनेक वर्षे गेली. निर्मात्याच्या लेखी जो केवळ अंदाज असतो, तो वाट पाहणाऱ्याच्या लेखी करार होऊन बसतो, आणि कराराच्या धाकाने हात चालू लागला की कृती तिच्या स्वभावाने वाढत नाही.

येथवर मी आपल्याच बाजूचा आहे. आता २१ ऑगस्ट २०२५ या दिवसाकडे वळतो.

त्या दिवशी आपण सांगितलेत की खेळ चौदा दिवसांनी येत आहे. ते ऐकून इतर निर्मात्यांनी आपापल्या खेळांच्या तारखा हलविल्या. ३ सप्टेंबरला यावयाचा ‘डेमनस्कूल’ १९ नोव्हेंबरवर गेला, त्याच तारखेचा ‘क्लोव्हरपिट’ २६ सप्टेंबरवर सरकला, ‘बेबी स्टेप्स’ने ८ सप्टेंबर सोडून २३ धरली, ‘एटर्ना ल्यूसिस’ तर पुढील वर्षावर गेला. त्यांचे भय अवास्तव नव्हते : ४ सप्टेंबरला स्टीमसह बड्या विक्रीदालनांची यंत्रणा ग्राहकांच्या लोंढ्याने कोलमडली, आणि एकट्या स्टीमवर पाच लाखांहून अधिक लोक एकाच वेळी आपला खेळ खेळत होते. मोठ्या हिंदी चित्रपटाची तारीख ऐकून आपली तारीख खोडावी लागणे म्हणजे काय, हे आमच्याकडील मराठी चित्रपटनिर्मात्यास विचारावे. छोट्या निर्मात्याची तारीख हा केवळ पंचांगातला एक आकडा नसतो. तिच्याभोवती समीक्षकांशी केलेली बोलणी, जाहिरातीवर आगाऊ टाकलेला पैसा आणि कैक महिने जमविलेली विशलिस्ट, म्हणजे खेळ घेऊ इच्छिणाऱ्यांची यादी, उभी असते. ती तारीख अडीच महिने पुढे गेली तर अडीच महिन्यांचे पगार आणि घरभाडे कोठून आणावयाचे, हा प्रश्न तिच्याबरोबर पुढे जातो.

तारीख ऐनवेळी सांगणे सर्वथा गैर आहे, असे माझे म्हणणे नाही. आमच्या पुण्यातील नोडिंग हेड्स गेम्स या मंडळीचा ‘राजी’ हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या सादरीकरणात झळकला आणि त्याच दिवशी विक्रीस आला. त्याने कोणाचेही ताट ओढले गेले नाही, कारण त्या मंडळीची अवघी धडपड जगाचे लक्ष आपल्याकडे वळावे एवढ्यासाठीच होती. आपला पहिला खेळ ‘सिल्कसाँग’ येण्यापूर्वीच दीड कोटी प्रतींच्या घरात खपलेला होता. आपली मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली म्हणून आपण स्वतंत्र निर्माते खरेच, पण आपल्या आगमनाने बाजार हलतो हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे जी मुभा ‘राजी’च्या कर्त्यांना सहज होती, ती आपल्याला तशीच उरलेली नाही.

मेलबर्नच्या अ‍ॅक्मी संग्रहालयात १८ सप्टेंबर २०२५ पासून ‘सिल्कसाँग’ लोकांना खेळावयास मिळेल, हे कित्येक महिने आधीपासून जाहीर होते. म्हणजे काम कधी संपेल, याची कल्पना आपणांस अखेरच्या पंधरवड्याच्या पुष्कळ आधी आलेली असावी, असे मी मानून चालतो. ती आल्याबरोबर निदान महिना तरी सांगावयास हवा होता. नेमका दिवस सांगण्याचे बंधन नाही. स्टीमवर नुसता महिना वा तिमाही दर्शविण्याची सोय आहे, आणि एवढ्यावरही शेजारच्या निर्मात्याला आपली तारीख वेळेवर हलविता आली असती.

म्हणून विनंती अशी आहे. पुढील कृतीला सात वर्षे लागोत की दहा, ती पुरी होईतो कोणाच्याही तगाद्याला भीक घालू नये आणि एक अक्षरही सांगू नये. परंतु शेवटल्या चाचण्या सुरू होतील आणि विक्रीदालनांशी दिवस ठरेल, तेव्हा तो महिना निदान तीन महिने आधी जाहीर करावा. त्या महिन्यात ज्यांचे पहिलेवहिले खेळ यावयाचे असतील, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतील, त्यांनाही आपल्याशी पत्रव्यवहार करण्याचा संकोच वाटेल. त्यांच्या वतीने हे मी मागतो आहे.

आपला,
पुण्यातील एक खेळाडू