कारण : घरी जायचं आहे

प्रति,
मा. मुख्य सचिव तथा अध्यक्ष, राज्य कार्यकारी समिती (आपत्ती व्यवस्थापन),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई 400032

विषय : प्रवासाच्या परवान्यातला 'कारण' हा रकाना

महोदय,



आम्ही नवरा-बायको मूळचे अचलपूरचे, पोटापाण्यासाठी पुण्यात. मे 2020 मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, आम्ही आमच्या जुन्या गाडीनं घरी गेलो. सात जिल्हे, जवळपास सहाशे किलोमीटर. त्या प्रवासाचं कौतुक सांगायला हे पत्र नाही. पायी गेलेल्यांपुढे आमचा प्रवास म्हणजे चैनच. मला बोलायचं आहे ते अर्जातल्या एका रकान्याबद्दल.

आठवून पाहा. 23 मार्चला राज्यानं जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या. 24 मार्चला रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारा वाजता देश थांबला. मधे चार तास. रेल्वे त्याआधीच बंद, एसटी आगारात उभी. उरला पोलिसांचा ई-पास. तो मिळायचा आजारपण, मृत्यू अशा तातडीच्या कारणासाठी.

आई अचलपूरला एकटी. शुगरची गोळी चालू, पण आजारी म्हणावी अशी नाही. फोनवर म्हणायची, "मले काय होते? तुमी तिथंच राहा बाप्पा, येता येता काही झालं तं?" आणि फोन ठेवताना विचारायची, "मंग कवा येता?" एप्रिलमध्ये मी अर्ज भरला आणि कारणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं : घरी जायचं आहे, आई एकटी आहे. अर्ज नामंजूर झाला.

ओळखीच्या एका माणसानं मार्ग सांगितला. "आजी वारली असं लिही, लगेच होतं." बायको शेजारीच होती. म्हणाली, "दहा वर्षं झाली आजीले जाऊन. बिचारीले पुन्हा काहून मारता?"

आम्ही हसलो, पण नंतर ते हसू टिकलं नाही. खरं लिहिणाऱ्याला नकार आणि घरातलं माणूस कागदावर मारणाऱ्याला परवाना, हा त्या रकान्याचा हिशेब होता. त्याच एप्रिलमध्ये एका बड्या उद्योगपती कुटुंबाच्या पाच गाड्या, 23 माणसं घेऊन, खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेल्या. त्यांच्याकडे गृहखात्याच्या विशेष प्रधान सचिवांचं पत्र होतं. त्यातलं कारण होतं कौटुंबिक निकड. पुढे त्या अधिकाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं, चौकशीही झाली, हे मान्य. पण निकड आम्हालाही होती. आमच्याकडे पत्र नव्हतं, एवढाच फरक.

29 एप्रिलला केंद्रानं अडकलेल्यांना हलवायची मुभा दिली, राज्याचा आदेश आला आणि आम्हाला पास मिळाला. महिनाभरात आमच्यात काही बदललं नव्हतं. सरकारच्या भाषेत आम्ही आता 'अडकलेले' होतो, इतकंच. दवाखान्यापुढे रांग लावून ताप नसल्याचा दाखला घेतला. बायकोनं दशम्या केल्या, ठेचा कुटला, पाण्याची वीस लिटरची कॅन मागच्या सीटवर बांधली आणि पहाटे निघालो.

नगर, नेवासा फाटा, तेव्हाचं औरंगाबाद. पुढे करमाड लागलं. तिथं मी गाडी हळू केली. थोड्याच दिवसांपूर्वी, 8 मे रोजी पहाटे, त्याच भागात रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले होते. जालन्याच्या कारखान्यातून भुसावळला पायी निघालेले, मध्य प्रदेशातले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी साऱ्या देशानं पाहिल्या. वाचलेल्यांनी सांगितलं होतं, पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही. त्यांचंही कारण तेच होतं, जे मी एप्रिलमध्ये लिहिलं होतं. बायको बाटली मांडीवर धरून बसली होती. कितीतरी वेळ आम्ही बोललो नाही.

त्या बाटलीचंही सांगतो. सकाळपासून बायको दोन घोटांवर होती. ढाबे बंद, पंपांवरच्या संडासांना कुलपं. जालना, देऊळगाव राजा, चिखली, खामगाव. प्रत्येक सीमेवर बॅरिकेड होतं, कपाळाला लावायचं यंत्र होतं, वहीत नोंद होती. बाईमाणसानं जायचं कुठं, याची सोय एकाही ठिकाणी दिसली नाही. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात ती मुद्दाम तहानलेली राहिली. गांधीग्रामला पूर्णा ओलांडली तेव्हा तिचं डोकं ठणकत होतं. अकोट, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला पोचेतो अंधार पडला होता. आईनं दारातच बादली आणि साबण ठेवला होता. चौदा दिवस ताट ओट्यावर ठेवून ती लांब सरकायची, पण हाक मारली की ओ यायची.

साथ पसरू नये म्हणून माणसं थांबवावी लागतात, हे आम्हाला कळतं. एसटीनं मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट सोडलं, राजस्थानातल्या कोट्याला शिकताना अडकलेली पोरं आणली, हेही विसरलेलो नाही. पण साथ आली की माणूस घराकडे निघतो, ही काही 2020 ची नवलाई नाही. 1896 च्या प्लेगमध्ये मुंबईतून माणसं अशीच लोंढ्यानं बाहेर पडली होती. त्याच प्लेगपायी 1897 चा साथरोग कायदा झाला आणि 2020 मध्ये तोच पुन्हा बाहेर काढला गेला. एवढ्या जुन्या अनुभवानंतरही घरी जाणं हे आपल्या कागदावर कारण ठरत नाही.

मागणं मोठं नाही. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात 'स्वगृही परतणे' हे वैध कारण म्हणून लिहा. सीमा बंद करायच्या असतील तर आधी तीन दिवस द्या आणि त्या तीन दिवसांत एसटी चालू ठेवा. अर्ज मराठीत आणि कागदावरही घ्या, तहसीलमध्ये, पोलीस चौकीत. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्यालाही घर असतं. आणि बॅरिकेड जिथं लागेल तिथं सावली, पाणी आणि बायकांसाठी संडास असल्याशिवाय ते लावू नका.

पुढची साथ कधी येईल, सांगता येत नाही. आली की माणसं घराकडे निघतील, हे मात्र आजच सांगता येतं. तेव्हा तो रकाना आताच दुरुस्त करा, म्हणजे कुणाला खोटं लिहावं लागणार नाही आणि कुणाला रुळावरून चालावं लागणार नाही.

आपला,
अचलपूरचा एक रहिवासी